दोष आढळला नाही

"दोष म्हणायचं नाही, काका. सुधारणा म्हणायचं."

काउंटरवरच्या ॲडव्हायझरने सकाळपासून तिसऱ्यांदा बजावलं. "कंपनीने गिअरच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा केलीय आणि गिऱ्हाइकाला ती फुकट देतोय. बस. याच्यापुढे एक अक्षर नाही."

"आणि आधी जे होतं, ते काय होतं?" काकांनी विचारलं.

"आधी सुधारणा नव्हती."

आता यावर माणसाने काय बोलावं? काकांनी हातातली किल्ली काउंटरवर ठेवली.

सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांना सगळे 'चाळीसकाका' म्हणत. वयाने ते साठीला टेकले होते. चाळीस हा त्यांच्या गाडीचा वेग. कामाला आलेली प्रत्येक गाडी रस्त्यावर नेऊन चालवून पाहायची आणि कागदावर शेरा मारायचा, हे त्यांचं काम. सत्तावीस वर्षांत त्यांनी कुणाची गाडी चाळीसच्या वर नेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. "काका, मागचा सायकलवाला घंटी वाजवतोय, वाट द्या त्याला," अशी थट्टा रोजची. काका कानाडोळा करत. हळू चालवली की गाडी आपलं दुखणं स्वतः सांगते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं.

आज त्यांनी चालवलेली करड्या रंगाची गाडी त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. दीड वर्षापूर्वी एक बाई ती घेऊन आल्या होत्या. बाई म्हणजे शाळेतल्या बाई, तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नवऱ्याच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस मागे लागलं, तेव्हा एकसष्टाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या. क्लचची भानगड नको म्हणून ऑटोमॅटिक घेतली. आणि तक्रार सांगितली ती कशी, तर फळ्यावर उदाहरण सोडवावं तशी.

"मी पाय दाबते. इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी जागची हलत नाही. मग तिच्या मनात आलं की एकदम निघते. वळणावर होतं, थांबून निघताना होतं. दर वेळी नाही, पण दिवसातून दोनदा तरी."

इतकी नेमकी तक्रार काकांनी उभ्या नोकरीत ऐकली नव्हती. लोक यायचे ते "काहीतरी होतंय बघा" म्हणत. काकांनी बाईंना शेजारी बसवून गाडी बाहेर काढली, आणि दुसऱ्याच वळणावर त्यांच्या पायाला ते कळलं. पाय दाबला आणि गाडीने क्षणभर ऐकलंच नाही.

परत आल्यावर त्यांनी तसं सांगितलं. लॅपटॉप लावला. लॅपटॉपवर बिघाडाचा कोड काही उमटला नाही.

"कोड नाही म्हणजे दोष नाही," ॲडव्हायझर म्हणाला. "कागदावर काय लिहिणार, काका? माझ्या पायाला वाटलं?"

काकांनी शिक्का उचलला. 'चालवून पाहिले. दोष आढळला नाही.' खाली सही केली. खोटं बोलायला जीभ अडखळते, पण शिक्क्याचं तसं नसतं, तो आपला बसतो ठसठशीत. बाई चार महिन्यांत तीनदा आल्या आणि तिन्ही वेळा तो शिक्का बसला. तिसऱ्या वेळी तर काका आपणहून म्हणाले, "बाई, घाबरत चालवू नका. पाय मोकळा सोडा. होईल सवय." हे वाक्य त्यांना कुणी म्हणायला लावलं नव्हतं, आणि तेच त्यांना पुढे वर्षभर खात राहिलं. त्यानंतर बाई आल्या नाहीत.

आज गाडी घेऊन बाईंचा मुलगा आला होता. लॅपटॉप लावला, पाऊण तासात नवं सॉफ्टवेअर भरून झालं. काकांनी नेऊन पाहिली. पाय ठेवायचा अवकाश, गाडी निघत होती. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"झाली का आमच्या गाडीची सुधारणा?" मुलगा काउंटरशी येऊन म्हणाला. माणूस हसतमुख होता, हातात फोन, कपाळावर घाईच्या आठ्या. "आईचं कायम सुरू असायचं, गाडीत खोट आहे, गाडीत खोट आहे. मी म्हणायचो, नाचता येईना अंगण वाकडं! अहो, कंपनीचा माणूस तीन-तीनदा चालवून सही करून देतो, तो काय खोटं बोलेल?"

काकांनी खाली पाहिलं.

"शेवटी भर चौकात गाडी मधोमध घेऊन थांबली. समोरून ट्रक. वीतभर अंतराने वाचले दोघं. मग गाडी एकदम हिसका देऊन निघाली, बाबांचं डोकं काचेवर आपटलं, तीन टाके पडले. त्याच दिवशी किल्ली काढून घेतली तिच्याकडून."

"आणि बाबा… आता कसे आहेत?" काकांनी विचारलं.

"गेले. दोन महिने झाले. नाही, टाक्यांनी नाही. आजारच तसा होता."

ॲडव्हायझर संगणकाच्या पडद्यात तोंड खुपसून बसला. मुलाने विचारलं, "पण ही सुधारणा म्हणजे नक्की काय हो?"

"गाडी आता जास्त चटकन निघेल, साहेब."

"म्हणजे आधी नव्हती निघत?"

"आधीही नॉर्मलच होती."

हीच वेळ होती. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती आणि चोराच्या कागदावर सही काकांची होती. तोंड उघडायचं होतं, एवढंच. पण निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि काकांनी मूग गिळले. मुलाला ऑफिस गाठायचं होतं. गाडी घरी पोचवाल का, असं त्याने विचारलं. काका चटकन हो म्हणाले.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार बाईंनीच उघडलं. वर्षभरात त्या आटल्यासारख्या दिसत होत्या. काकांना त्यांनी लगेच ओळखलं.

"तुम्ही होय. ठेवा किल्ली तिथे."

किल्ली ठेवून जिना उतरला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. काका उंबऱ्यातच उभे राहिले.

"बाई, दोष गाडीत होता. तुमच्यात नव्हता."

बाई म्हणाल्या, "परत सांगा."

"दोष गाडीत होता. आज काढला."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"पायाला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"आणि शिक्का?"

"मारला," काका म्हणाले. कोडाचं, कंपनीचं, ॲडव्हायझरचं सगळं ओठावर आलं होतं. ते त्यांनी परत गिळलं. आपल्या पापाचा वाटा दुसऱ्याच्या पदरात घालायची ही जागा नव्हती.

बाई दारामागच्या स्टुलावर बसल्या. "सगळे समजावत होते मला," त्या म्हणाल्या. "आई, वय झालं. आई, पाय कापतो तुझा. ऐकून ऐकून मलाही तसंच वाटायला लागलं. आमचे हे एकटेच म्हणायचे, गाडीचीच चूक आहे, तुझी नाही. कपाळावर टाके घालताना डॉक्टरलासुद्धा तेच सांगत होते. आणि मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, माझी बाजू घ्यायची म्हणून खोटं बोलू नका. तोंड फिरवून झोपले त्या दिवशी. तो विषय त्यांनी परत काढला नाही."

काकांना तिथून पळून जावंसं वाटलं. पण ते उभे राहिले.

"घरात कुठलं बोलणं व्हायचं! औषधं, फोन, कोण ना कोण बघायला आलेलं. गाडीत बसलं की आम्ही दोघं. जाताना वीस मिनिटं, येताना वीस. काय वाट्टेल ते बोलायचो. मग मुलगा त्याच्या गाडीतून न्यायला लागला. तो बिचारा कामाच्या फोनवर, आणि हे मागे डोळे मिटून." त्यांनी डोळे पुसले, फोन उचलला, नंबर लावला आणि स्पीकर चालू करून काकांसमोर धरला. "आता मला सांगितलंत ते त्याला सांगा."

काकांनी सांगितलं. नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, तिन्ही कागदांवरच्या सह्या आपल्याच आहेत हेही सांगितलं. 'सुधारणा' हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नंतर मुलगा म्हणाला, "आई… मी मीटिंगमध्ये आहे गं. संध्याकाळी बोलू."

"बोलू," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून किल्ली उचलली. "चला."

खाली त्या चालवायच्या जागी बसल्या. काका शेजारी बसायला गेले तर ती सीट पार मागे कललेली. येताना त्यांचं तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. सीट सरळ करायला त्यांनी बाजूचा खटका चाचपला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "उपचारानंतर त्यांना बसवत नसे. पडूनच यायचे."

मग काकाही तसेच अर्धवट आडवे पडून राहिले, गाडीच्या छताकडे बघत. दुसऱ्या कुठल्या दिवशी कुणी पाहिलं असतं तर हसून हसून पुरेवाट झाली असती. बाई बेताने चालवत होत्या. कुठे जायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि काकांनी विचारलंही नाही. मोठा चौक आला. बाई थांबल्या, दोन्हीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. मागच्याने हॉर्न वाजवला. त्यांनी पाय ठेवला आणि गाडी सरळ, निमूट पलीकडे गेली.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "किती वेळ लागला हो याला?"

"पाऊण तास."

बाईंनी पुढचं वळण घेतलं.

हॉस्पिटलच्या फाटकात येईपर्यंत आपण कुठे चाललोय हे बाईंच्याही ध्यानात आलं नसावं. पायांनी सवयीचा रस्ता धरला होता. पायऱ्यांशी गाडी उभी राहिली. वॉचमन हात हलवत पुढे आला, "पेशंटला उतरवा आणि गाडी पुढे घ्या, पेशंटला उतरवा!"

"हो हो, उतरवते," बाई म्हणाल्या. त्या उतरल्या, गाडीला वळसा घालून आल्या, काकांच्या बाजूचं दार उघडलं, एक पाय पायरीला टेकवून नीट उभ्या राहिल्या आणि आधाराला हात पुढे केला.

हात पुढे झाला आणि मग त्यांच्या लक्षात आलं. चेहरा एकदम रिकामा झाला. पण हात मागे घ्यायचं त्यांना सुचेना.

काकांच्या गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. अहो बाई, मी उतरतो की, असं म्हणणं अगदी सोपं होतं. त्यांनी बाईंचा हात धरला, त्यावर थोडा भार टाकला, आणि हळूहळू, एकेक पाय करत खाली उतरले.