तुटकी हातोडी आणि काउंटेसची फीत

मी एक जुनी ध्वनिफीत आहे. मित्रांनो, पुढचे सांगायला माझी जीभ रेटत नाही, पण सांगते. मी एका रक्तपिशाचाच्या सिनेमाची फीत आहे.

हे ऐकून तुमच्या घरचे म्हणतील, "बंद कर आधी ते!" म्हणू देत. मला सवय आहे. माझे निम्मे आयुष्य बव्हेरियातल्या एका कपाटात, इस्त्री केलेल्या चादरींच्या खाली गेले. पाहुणे आले की कपाटाचे दार घट्ट आहे ना, हे आधी बघितले जाई. माझ्यामुळे एका भल्या माणसाला मान खाली घालावी लागली. आता काय सांगू आणि काय लपवू!

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकची लांबच लांब पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेली गंजाची बारीक पूड, एवढेच माझे अंग. लोक गंज खरवडून काढतात, माझे सगळे गाणे त्याच्यात. आमच्याकडे स्टुडिओतल्या फितींना दोन्ही बाजूंनी तबकड्या लावायची पद्धत नव्हती. मधे धातूचा गाभा आणि भोवती नुसती गुंडाळी. जाणकार माणूस खालून तळहात देऊन मला अलगद उचलतो, तव्यावरची भाकरी उचलावी तशी. अजाण माणसाचा अंगठा गाभ्यावर पडला की गाभा टपकन खाली, आणि माझी आतडी जमिनीवर. हे ध्यानात ठेवा. पुढे माझ्या जिवावर बेतणार आहे.

मला म्युनिकच्या एका लहानशा स्टुडिओने घेतले. तिथे ध्वनिमुद्रणाचे काम इर्मट्राउट नावाची बाई बघायची. तोंडाने फटकळ, पण हात असा हलका की फितीला कळायचेही नाही. सत्तर सालच्या शरदात तिच्याकडे एक माणूस आला. खांद्यावर बटाट्याचे पोते, अंगावर रविवारचा कोट. तो होल्त्सलिंग गावच्या चर्चचा ऑर्गनवादक, कॉर्बिनियान आशाउअर.

"हे काय आणलंत? बटाटे?" इर्मट्राउटने विचारले.

"बटाटेच म्हणा. जरा उंचावर पिकलेले," तो म्हणाला आणि पोत्यातून त्याने चर्चच्या मनोऱ्यातला लाकडी खडखडा बाहेर काढला.

आमच्या बाजूला ईस्टरच्या आधीचे तीन दिवस चर्चच्या घंटा वाजत नाहीत. त्या रोमला गेल्या, असे लहान मुलांना सांगतात. तेवढे दिवस मनोऱ्यातून खडखडा वाजवून लोकांना प्रार्थनेला बोलावतात. दांडा फिरवला की लाकडी हातोड्या एकेक करून फळीवर आपटतात. होल्त्सलिंगच्या खडखड्याची एक हातोडी तुटलेली होती. त्यामुळे तो वाजे असा: खट, खट, खट, मधे एक रिकामी जागा, मग खट. गावातले पोर झोपेतसुद्धा तो आवाज ओळखे. वर्षाचे बाकीचे दिवस खडखडा मनोऱ्यात धूळ खात पडलेला असे. चार दिवस नेला तर कुणाला कळणार आहे, असे कॉर्बिनियानला वाटले. गावाला त्याचा आवाज तोंडपाठ आहे, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आले नाही!

सिनेमाचे नाव होते 'काउंटेस पेल्यातून पीत नाही'. काउंटेस काय पिते ते तुम्ही ओळखलेच असेल. ती शवपेटीतून उठली की खडखडा वाजायचा. मग विजेवरचा ऑर्गन घुमायचा, गिटार मांजरासारखी फिस्कारायची. तुमच्याकडची सतारही होती. बिचारी परक्या घरात आली होती, पण वाजली मोठ्या ठसक्यात. आणि एक बाई मायक्रोफोनपुढे उभी राहून नुसते उसासे टाकत होती. का, ते मला विचारू नका. माझ्या अंगावर ते उमटत होते आणि मला कुठे तोंड लपवू असे झाले होते.

पण कॉर्बिनियान! चर्चमध्ये त्याला जे सूर कधी वाजवता आले नव्हते, ते सगळे त्याने तिथे वाजवून घेतले. बूट काढून मोज्यांवर नाचला म्हणे. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती, घरी एक लहान मुलगी. इतका मोकळा हसताना त्याला मी नंतर कधीही ऐकले नाही.

शेवटचा तुकडा संपल्यावर इर्मट्राउट मशीन बंद करायला विसरली. त्या दोघांचे थोडे बोलणे झाले, ते माझ्या अगदी शेवटच्या टोकाला उमटले. ते मी वेळ आली की सांगेन. इतकेच सांगते की पडद्यावर संगीतकार म्हणून 'टोनी मॅरवेल' असे नाव झळकले. असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर नव्हता.

सिनेमा काढणारी मंडळी लवकरच बुडाली. मला पुसून माझ्यावर जाहिराती भरायच्या, असे ठरले. इर्मट्राउटने मला खोक्यात घातले आणि कॉर्बिनियानच्या हाती दिले. "हे पुसायला माझा हात होत नाही. घेऊन जा घरी," ती म्हणाली. तशी मी होल्त्सलिंगला आले.

पुढच्या उन्हाळ्यात तो सिनेमाही गावात आला. सगळे गाव गेले, आणि कुणीही गेले नाही. म्हणजे काय, कॉलर वर करून, टोपी डोळ्यांवर ओढून, अंधार झाल्यावर आत शिरायचे आणि दिवे लागायच्या आत पळायचे. काउंटेस शवपेटीतून उठली. खट, खट, खट, रिकामी जागा, खट. थिएटरात सगळ्यांनी तो आवाज ओळखला म्हणे. मग मागच्या रांगेत कुणीतरी सवयीने क्रूसाची खूण केली आणि त्याच्या शेजारचा फिस्सकन हसला.

दोन दिवसांनी फादर त्सेनो घरी आले. मी कपाटात होते, सगळे ऐकत होते.

"कॉर्बिनियान, त्या सिनेमात आपला खडखडा वाजतो म्हणतात."

"कोण म्हणतं, फादर?"

"ते सोड. वाजतो की नाही?"

"आपण पाहिलात का सिनेमा?"

फादरना खोकल्याची उबळ आली. "मी पोस्टर पाहिलं," ते म्हणाले. "जाता जाता. हे बघ, ईस्टरच्या पवित्र दिवसांची वस्तू त्या रक्त पिणाऱ्या बाईच्या दिमतीला कुणी दिली असेल, तर त्या माणसाला मी ऑर्गनवर बसू देणार नाही. तू होतास का तो? एका शब्दात सांग."

चर्चचा तो ऑर्गन म्हणजे त्याचा श्वास होता. मग तो म्हणाला, "नाही."

त्या एका शब्दाने मी चादरीखाली गोठले. ज्याने मला जन्माचे गाणे दिले, त्याने मला ओळख दाखवली नाही. राग नाही आला, मित्रांनो. लाज वाटली. आपण असे कसे की आपल्या माणसाला आपले नाव घेता येऊ नये?

त्याचा ऑर्गन वाचला. पण गाव काय ऐकून घेते! खडखड्याचा आवाज ऐकला की लोक हसू दाबायचे, म्हणून फादरनी सुताराकडून नवी हातोडी बसवून घेतली. पुढच्या ईस्टरला खडखडा वाजला तो अगदी सुरळीत. जुना आवाज पृथ्वीवर उरला तो फक्त माझ्यात आणि त्या सिनेमात.

खरा जाच झाला तो मुलीला. तिचे नाव नॉटबुर्गा, घरात बुर्गल. शाळेत पोरे तिला गाठायची. "बुर्गल, आ कर! सुळे दाखव!" ती रडत घरी यायची. एकदा तिने बापाला सरळ विचारले, "बाबा, ते तुम्हीच होतात का?"

"नाही गं," तो म्हणाला.

चौदा वर्षांची असताना चादरी काढता काढता तिला मी सापडले. खोक्यावर सिनेमाचे नाव होते. तिने मला जागच्या जागी ठेवले आणि तोंडातून ब्र काढला नाही. पण बापाच्या चर्चमधल्या गाण्याच्या पथकात ती त्या दिवसापासून गायली नाही. त्यानेही कारण विचारले नाही. एका घरात दोन माणसे, रोज एका टेबलावर सूप पितात, आणि मधे मी. सांगा, मी लाजू नको तर काय करू?

वर्षे गेली. कॉर्बिनियान सत्तरी ओलांडून गेला. त्याचे कान गेले, ऑर्गन सुटला. कानातले यंत्र त्याने बडीशेपेच्या डबीत ठेवून दिले होते. बुर्गलने लग्न केले नाही, ती त्याचे सगळे बघायची. शहाण्णव साली एक दिवस ती केस कापायला गेली, आणि तिथल्या रेडिओवर मी वाजत होते! म्हणजे सिनेमावरून उतरवलेली माझी कुठलीशी खरखरीत नक्कल. निवेदक सांगत होता, शहरातली तरुण मंडळी या संगीतावर वेडी झालीत, आणि हा टोनी मॅरवेल कोण, याचा सगळीकडे शोध चाललाय. बुर्गल अर्ध्या कापलेल्या केसांनी घरी आली.

"पुन्हा सुरू होणार," ती स्वतःशीच म्हणाली. तिने मला खोक्यातून काढले आणि सायकलच्या टोपलीत टाकले.

दुसरा कुणी मला दिसेल त्या डब्यात फेकून मोकळा झाला असता. पण ही होल्त्सलिंगची बाई! चुकीच्या डब्यात कचरा टाकला तर हिला आठवडाभर झोप येणार नाही. ती मला गावाबाहेरच्या कचरा वेगळा करण्याच्या आवारात घेऊन गेली. तिथल्या माणसाने मला खालीवर पाहिले.

"हे काय आहे?"

"फीत."

"मधला गाभा धातूचा, तो धातूत जाईल. फीत प्लास्टिकची दिसते. पण वर काय फासलंय? गंज? मग प्लास्टिकमध्ये चालणार नाही."

"मग कशात चालेल?"

"ते बघावं लागेल. आधी गाभा आणि फीत वेगळी करून आणा, बाई. अशी मिश्र वस्तू मी घेत नाही."

हाय रे दैवा! मला कचऱ्यातसुद्धा कुणी घेईना. एकीकडे जीव वाचला म्हणून बरे वाटले, दुसरीकडे मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बुर्गल घरी आली, स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसली आणि तिने माझ्या गाभ्यावर अंगठा टेकवला. कॉर्बिनियान नेहमीसारखा खिडकीशी बसून बाहेरच्या कोंबड्या बघत होता. एवढ्यात दार वाजले. एक परकी तरुणी दारात उभी होती. बुर्गल मला हातात धरूनच गेली.

"अंगठा काढा! आधी अंगठा काढा!" ती मुलगी ओरडली. "खालून हात द्या तिला!"

बुर्गलने दचकून खालून हात दिला. "कुठल्या तुम्ही?"

"हॅम्बर्ग. मी वीबके."

"तरीच! तुम्ही उत्तरेकडचे लोक आधी हुकूम सोडता, मग नाव सांगता."

वीबके जुन्या संगीताच्या नव्या तबकड्या काढायची. फिरत फिरत तिला म्हातारी इर्मट्राउट सापडली होती, आणि इर्मट्राउटला बटाट्याचे पोते चांगले आठवत होते. तिने आपले जुने मशीनही वीबकेच्या गाडीत घालून दिले होते.

"इथे कुणी टोनी-बिनी राहत नाही," बुर्गल म्हणाली.

"मला माहितेय. एकदाच ऐकू द्या. मग हवं तर मीच गाभा काढून देते."

बुर्गलने मला टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "एकदाच. हळू आवाजात. आणि खिडकी लावून." तिने चुलीकडची खिडकी लावली. दुसरीशी बाप बसला होता, त्याला उठवायचे तिच्या जिवावर आले, म्हणून ती खिडकी तशीच उघडी राहिली.

वीबकेने मशीन आणून टेबलावर मांडले, आणि पंचवीस वर्षांनी मी चाकांवर फिरले. खडखडा, ऑर्गन, सतार. उसासे आले तेव्हा बुर्गल लालबुंद झाली. मीसुद्धा. "पुरे," ती म्हणाली, "बंद कर."

"थोडीच राहिलीय," वीबके म्हणाली.

संगीत संपले. बुर्गल उठू लागली, आणि माझ्या टोकाला इर्मट्राउटचा तरुण आवाज आला. "नाव काय टाकायचं?"

मग कॉर्बिनियानचा. धाप लागलेला, हसरा. "माझंच टाका! कॉर्बिनियान आशाउअर. इतकं चांगलं मी आयुष्यात वाजवलं नाही." थोडा वेळ नुसती खरखर. "नाही, थांबा. नको. वसंतात माझ्या बुर्गलचा पहिला ख्रिस्तप्रसाद आहे. पांढरा झगा घालून पोर चर्चमध्ये सगळ्या गावासमोर प्रसाद घ्यायला चालत जाणार. आधीच आई नाही तिला. माझ्यामुळे तिच्याकडे कुणी बोट दाखवायला नको. कुठलंही नाव टाका."

"पण वाईट वाटेल तुम्हाला."

"मला वाटू दे."

फीत संपली. माझे मोकळे टोक मशीनवर फटफट आपटत राहिले. बुर्गलने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. आजवर ती लाजायची ती बापाची. त्या दिवशी पहिल्यांदा तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती मला ऐकू आली, कारण ती रडत म्हणत होती, "मी कधी ऐकलंच नाही. घरात होती, आणि मी एकदाही ऐकली नाही."

मग तिने नाक पुसले. "पुन्हा लाव. पहिल्यापासून. मोठ्याने."

वीबकेने आवाज वाढवला. टेबल थरथरू लागले. खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्याला काही ऐकू येत नव्हते, पण टेबलावरच्या त्याच्या पंज्याला ते कळले. त्याने हात सपाट पसरला. खट, खट, खट, रिकामी जागा, खट.

"हातोडी अजून तुटकीच आहे," तो पुटपुटला.

आणि लगेच घाबरून त्याने मागे पाहिले. "बुर्गल, खिडकी उघडी आहे. लोक ऐकतील गं!"

बुर्गल उठली. तिने चुलीकडची खिडकीही उघडली, सताड. मग बापापाशी येऊन तिने त्याच्या पंज्यावर आपला हात ठेवला, आणि वीबकेला म्हणाली, "नाव नीट लिहून घे. माझ्या बाबांचं."

मित्रांनो, उसासे आले की मला अजूनही लाज वाटते, खोटे कशाला बोलू? पण तुमच्या घरातही कुठेतरी चादरींच्या खाली माझ्यासारखी एखादी पडलेली असेल. तिला खालून हात देऊन उचला. आणि लाजेने मधेच बंद करू नका. मला जे सांगायचे होते, ते सगळे शेवटच्या टोकाला होते.