फडक्यांचं वजन

माझ्या डॅडचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझा पारा चढणार आहे, आणि तो का चढला ते तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

टाळ्या म्हणे उमेद वाढवायला होत्या. आमच्या चर्चच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी ‘हलकी पावलं’ नावाचं मंडळ भरतं. कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारी वजनकाटा, त्याच्यामागे भिंतीवर फोटो. डॉक्टरनं सांगितलेलं वजन ज्यानं गाठलं त्याचा फोटो चौकटीत लागतो, आणि त्या संध्याकाळपुरता डोक्यावर चंदेरी कागदाचा मुकुट. वजन परत वाढलं की फोटो फिरवायचा. मग तुमच्या चेहऱ्याऐवजी तपकिरी पुठ्ठा दिसतो आणि सगळे टाळ्या वाजवतात, जणू पुठ्ठ्यालाच बक्षीस मिळालंय.

हा नियम मिसेस कांगस यांचा. त्या पूर्वी आमच्या शाळेत व्यायाम शिकवायच्या. अजूनही त्यांनी नावानं हाक मारली की शिट्टी वाजल्यासारखं वाटतं आणि माणूस आपोआप रांगेत उभा राहतो.

माझा डॅड, रूडी लाह्ती, या मंडळातला एकटा पुरुष. तो काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवतो. दोन वर्षांपूर्वी तो जिना चढायला लागला की त्याचा श्वास मला माझ्या खोलीत, दार लावून, ऐकू यायचा. त्याचे वडील दारातला बर्फ उपसताना गेले, हातातलं फावडं हातातच राहिलं. पन्नाशीचे होते ते. डॅडची पन्नाशी आता एका हिवाळ्यावर आलीय. म्हणून आमच्या घरात वजन हा दिसण्याचा विषय नाही. डॅड घरात असण्याचा विषय आहे. आई ग्रीन बे शहरात राहते, तिचं आता वेगळं घर आहे. इथे आम्ही दोघंच.

तर डॅडनं दोन वर्षं रोज सकाळी ओट्स खाल्ले. खाणीच्या जुन्या रेल्वेचे रूळ काढून टाकलेत, त्या वाटेवर रोज चालला. शनिवारी सौनानंतर, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या खोलीत घाम काढून झाल्यावर, त्याचे दोस्त बिअर उघडायचे आणि हा लिंबू घातलेलं पाणी पीत बसायचा, आणि ते त्याला काय काय म्हणायचे ते मी इथे लिहीत नाही. शंभराच्या जवळ पौंड उतरवले त्यानं. मुकुट त्याच्या डोक्याला मोठा होता, एका कानावर घसरलेला, आणि डॅड लाजून लालबुंद. फोटोत तो अगदी तसाच आहे. म्हणजे होता.

मग हा हिवाळा आला.

आमच्या भागात बर्फाचं कुणाला कौतुक नाही, पण या वर्षी टपालपेट्यासुद्धा दिसेनाशा झाल्या. एक ड्रायव्हर निवृत्त झाला, दुसऱ्याची पाठ गेली, आणि काउंटीनं त्यांच्या जागी कुणालाच घेतलं नाही. डॅड पहाटे जायचा तो माझं रात्रीचं जेवण होईपर्यंत परतायचा नाही. चालणं बंद, सौना बंद, डब्यातले ओट्स गोठून सिमेंट झालेले. आणि वाटेवर, दर चार घरांनंतर, दारात एक बाई उभी.

हे बाहेरच्या माणसाला पटकन कळायचं नाही. आमच्याकडे बर्फाच्या ट्रकवाल्याला कुणी रिकाम्या हाती पुढे जाऊ देत नाही. मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी, नाहीतर वेलदोड्याचा गोड पाव, भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळून थेट खिडकीतून आत. नको म्हणायची सोय नाही. या वर्षी ती वाट डॅडकडे यायच्या आधी तिथे वेन नावाचा ड्रायव्हर होता. त्याला मधुमेह. त्यानं एकदाच, फक्त एकदा, मिसेस ट्रेवारोंची पेस्टी परत केली. त्यांच्या घराण्यात पेस्टी पणजीपासून चालत आलीय. पुढचा अख्खा उन्हाळा त्या वेनशी बोलल्या नाहीत, आणि दुकानात भेटेल त्याला सांगत सुटल्या की वेनला आता माझ्या हातचं चालत नाही. म्हणून डॅड काच खाली करायचा, थँक्यू म्हणायचा आणि खायचा. टाकून द्यायचं त्याच्या मनातही येणार नाही. कुणी पहाटे उठून लाटलेलं टाकून देणारा माणूस आमच्या घरात जन्मलेला नाही.

एप्रिलमध्ये बर्फ जरा दमला आणि डॅड पुन्हा काट्यावर उभा राहिला. मी कोपऱ्यात बीजगणित करत होते. म्हणजे, वही उघडी होती.

मिसेस कांगसनी आकडा मोठ्यानं वाचला. उतरवलेल्यातलं जवळजवळ अर्धं परत आलं होतं.

“रूडी,” त्या म्हणाल्या, “हिवाळा सगळ्यांनाच असतो. शिस्त सुटली की असं होतं.”

“हो, मिसेस कांगस.”

“हा फोटो फिरवतेय तो तुला टोचायला नाही. पुढे ढकलायला.”

“हो, मिसेस कांगस.”

पहिली टाळी मिसेस ट्रेवारोंची. “अरे, माझाही तीनदा फिरलाय,” त्या म्हणाल्या. “मागून मी जास्त बरी दिसते.” सगळ्या हसल्या, डॅडही हसला. त्यानं टोपी घातली, कॉफीचा कप धुऊन जागेवर ठेवला आणि गाडीत बसल्यावर चावी न फिरवता म्हणाला, “बास झालं.”

मला वाटलं, बोलणं बास. तसं नव्हतं. चालायचे बूट सौनाच्या फळीवर गेले, वर, जिथे हात पुरत नाही तिथे. ओट्सची पिशवी पिठामागे गेली. पुढच्या मंगळवारी तो गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि एका संध्याकाळी मी वर अभ्यास करत होते तेव्हा जिन्यावर पुन्हा तो श्वास आला. दार लावलेलं होतं माझं.

मी खाली उतरले आणि त्याच्यासमोर जाऊन बसले.

“जाणारच नाहीयेस?”

“थकलोय गं.”

“दोन वर्षं नव्हतास थकला.”

“दोन वर्षं मला वाटत होतं, एकदा उतरलं की उतरलं.” तो टेबलावरचे कण बोटानं गोळा करत होता. “पण ते जात नाही कुठे. बाहेर अंगणात उभं राहतं. दार उघडायची वाट बघत.”

“दार त्या बायकांनी उघडलं.”

“खाल्लं मी. कुणी तोंडात कोंबलं नाही.”

“खिडकीतून कोंबलं, डॅड.”

तो थोडा हसला. मग हसणं गेलं. “बरं, समज, उद्यापासून चाललो. उन्हाळाभर चाललो. नोव्हेंबरात पुन्हा बर्फ पडेल आणि पुन्हा त्या सगळ्या उभ्या असतील. मी काय करू? वेन होऊ?”

मला राग आला, भरपूर. कारण मला तेव्हाच दिसलं की त्या तळघरात टाळ्या वाजवणारे हात आणि खिडकीतून आत येणारे हात एकच होते. तेच हात. तीच नेलपॉलिश. मंगळवारी म्हणायचं, शिस्त सुटली, आणि बुधवारी सकाळी त्याच तोंडानं म्हणायचं, रूडी, एवढ्या थंडीत उपाशी नको राहूस.

आणि पुरावा आमच्या कपडे धुवायच्या खोलीत पडला होता. फडकी. हिवाळाभर डॅड ती घरी आणायचा आणि मी धुऊन घडी घालून टोपलीत ठेवायचे, बर्फ कमी झाला की परत करू म्हणून. टोपली शिगोशीग भरली होती. आमच्या गावात प्रत्येक बाईची फडकी ओळखू येतात. निळी किनार मिसेस कांगसची. कोपऱ्यात लाल कोंबडा भरलेली ट्रेवारोंची, आणि कोंबडे तर एवढे होते की खुराडं झालं असतं.

पुढच्या मंगळवारी डॅड कामावर असतानाच मी टोपली घसरगाडीवर बांधली आणि ओढत चर्चपर्यंत नेली. तळघरात सगळ्या आपापल्या खुर्चीवर होत्या. मी कुणाला हॅलो म्हटलं नाही. टोपली उचलली आणि धाडकन काट्यावर ठेवली.

“हे वाचा,” मी म्हणाले. “मोठ्यानं.”

“ब्रिटा, हे काय आहे?” मिसेस कांगस.

“हिवाळा. सगळ्यांनाच असतो ना? हा डॅडचा.” मी वरचं फडकं उचललं. “निळी किनार. कुणाची बरं?”

कॉफीचं भांडं तेवढं गुरगुरत होतं.

“एकेका फडक्यात एकेक पेस्टी होती, नाहीतर पाव. तुम्हीच भरवलं आणि तुम्हीच फोटो फिरवलात. फिरवायचाच असेल तर सगळ्यांचे फिरवा. नाहीतर ही फडकी लावा त्या भिंतीवर, त्याच्या शेजारी.”

“पोरी,” मिसेस ट्रेवारो उठल्या. त्यांचा चेहरा त्यांच्या कोंबड्यासारखा झाला होता. “मी त्या माणसाला प्रेमानं दिलं. माझा नवरा बर्फाचाच ट्रक चालवायचा. तो कधी उपाशी घरी आला नाही, का, तर लोक देत होते. आणि तू मला हे काट्यावर मांडून दाखवतेस?”

“मग वेनशी का बोलला नाहीत?”

“तो वेगळा विषय आहे.”

“तोच विषय आहे. डॅड नाही म्हणाला असता तर तुम्ही त्याचाही वेन केला असता. त्याला ते माहीत होतं म्हणून त्यानं खाल्लं. आता तो घरी बसलाय, चालत नाही, इथे येत नाही, जिना चढताना धापा टाकतो. आणि तुम्ही टाळ्या वाजवता.”

मिसेस कांगसनी तोवर फोन लावला होता. “रूडी, जरा ये आणि तुझ्या मुलीला घेऊन जा.”

डॅड कामाच्या बुटांनिशी आला, जिन्यावर ओले ठसे उमटवत. आधी काट्यावरची टोपली बघितली, मग मला. मला वाटलं आता माझी धडगत नाही.

“उतरव ते, ब्रिटा.”

मी उतरवली. तो माझ्यावर रागावला नाही आणि माझी बाजूही घेतली नाही. त्यानं टोपलीतून लाल कोंबड्यांची सगळी फडकी वेगळी केली, घडी न मोडता, आणि मिसेस ट्रेवारोंच्या हातात दिली.

“फार छान होत्या,” तो म्हणाला. “प्रत्येक पेस्टी. खोटं नाही सांगत.”

“मग?” त्यांचा आवाज चिरका झाला होता.

“मग पुढच्या हिवाळ्यात मी नाही म्हणणार आहे. तुम्हाला, सगळ्यांना. काच वरच ठेवणार. तुम्ही रागावणार असाल तर आत्ताच रागावून घ्या. नोव्हेंबरात मला वेळ नसतो.”

माझा डॅड वर्षभरात एवढं सलग बोलत नाही. टोपी हातात धरून उभा होता आणि कानांपर्यंत लाल झाला होता, अगदी त्या फोटोतल्यासारखा.

मिसेस ट्रेवारोंनी फडकी छातीशी धरली. “आणि मी काय करू?” त्या म्हणाल्या. “ट्रक येणार, आणि मी नुसती दारात उभी राहू? देऊ काय?”

“हात हलवा.”

“नुसता हात?”

“मला दिसतो तो. पहाटे त्या वाटेवर दुसरं कुणी नसतं.”

त्या खाली बसल्या. फडकी मांडीवर ठेवून त्यांच्या घड्या सारख्या करायला लागल्या. मिसेस कांगसनी घसा खाकरला आणि सांगितलं की भावना समजल्या, पण फोटो फिरलेलाच राहील, नियम सगळ्यांना सारखा. मी तोंड उघडलं. डॅडनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जड, आणि मी ते मिटलं. मग तो बूट काढून मोज्यांवर काट्यावर चढला. आकडा पूर्वीपेक्षा वाईट होता. मिसेस कांगसनी तो वाचला, मोठ्यानं, आणि या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

त्या रात्री सौनाच्या फळीवरून बूट खाली आले. डॅडला खुर्चीवर चढावं लागलं, कारण वर ढकलताना त्यानं ते फारच मागे ढकलले होते. आता संध्याकाळी आम्ही दोघं त्या रेल्वेच्या वाटेवर जातो. तो हळू चालतो. पहिल्या पुलापाशी थांबतो, मी बुटाची नाडी सुटल्याचं नाटक करते, आणि हे नाटक आहे हे त्याला माहीत आहे.

मेच्या सुरुवातीला पुन्हा बर्फ पडला, आमच्याकडे पडतो. आमची शाळेची बस डॅडच्या ट्रकच्या मागेच लागली होती, रांगत. ट्रेवारोंच्या दारात त्या उभ्या होत्या, नवऱ्याचा जुना कोट घालून, हात कोपरापर्यंत खिशात. ट्रक जवळ आला तसा एक हात बाहेर निघाला. रिकामा. त्यांनी तो वर केला, पण हलवायचा कसा हे जणू विसरल्यासारखा तसाच धरून ठेवला. ट्रकचा दिवा दोनदा लुकलुकला. मग त्यांनी हात हलवला.

पुढच्या वळणावर मिसेस कांगस होत्या. काखेत काहीतरी गुंडाळलेलं, निळ्या किनारीचं. ट्रक हळू झाला, आणि मी सीटवरून अर्धी उठले. काच वरच राहिली. त्यांनी खिडकीकडे ते उंचावलं, तरी काच वरच. ट्रक पुढे गेला, आणि बसमधून मला दिसलं ते हे की आमच्या सगळ्या शिस्तीच्या बाई, निवृत्त व्यायामशिक्षिका, वेलदोड्याचा पाव हातात धरून बर्फात उभ्या आहेत.

मी बसची खिडकी खाली ओढली आणि हात हलवला. जोरात.

त्यांनी हलवला नाही. फोटोही अजून भिंतीकडेच तोंड करून आहे, दर मंगळवारी डॅड त्याच्यापुढे काट्यावर उभा राहतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र वाटतं. फोटो परत सरळ होईल त्या संध्याकाळी मुकुट मी घालणार आहे त्याच्या डोक्यावर, आणि या वेळी मापाचा करून आणणार आहे.