मधला चेंडू

यशवंतरावांच्या जागी त्यांच्या मुलीला, उल्काला, गोल्फ क्लबात घ्यायचं की नाही, ते क्लबचे प्रमुख हेर फोक्ट एका डावात ठरवणार होते. खेळ यायला हवा आणि नियम ठाऊक हवेत, एवढीच अट. नाही तर जागा रांगेतल्या पुढच्या माणसाची. उल्काला ती जागा हवीच होती. बाबा र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात नोकरीला लागले, तेव्हापासून दर रविवारी ती दोघं सकाळी सगळ्यांच्या आधी इथे येऊन खेळत. ईस्टरला बाबा गेले. त्यानंतर घरात त्यांचा कोट होता, चष्मा होता. पण ते स्वतः कुठे असतील तर याच मैदानावर, असं तिला वाटे.

मालिनीबाई साडीवर लोकरी कोट चढवून मुलीबरोबर चालत होत्या. सतरा होल उल्का चोख खेळली. फोक्टांसारख्या मुरलेल्या खेळाडूला तिने एकदाही पुढे निसटू दिलं नाही.

अठराव्या ग्रीनवर, खळग्याभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर, फोक्टांचा चेंडू नेमका तिचा चेंडू आणि खळगा यांच्या मधोमध येऊन थांबला. उल्काने चेंडू जमिनीवरून ढकलायचा पटर शांतपणे पिशवीत सरकवला आणि तिरप्या पात्याचं नऊ नंबरचं आयर्न काढलं.

"ग्रीनवर ते कशाला?" फोक्टांनी विचारलं.

"तुमचा चेंडू आडवा आलाय. वरून उडवते."

"मग उचला म्हणा की. मी उचलतो."

"कसा उचलणार? दोन चेंडूंत सहा इंचांहून जास्त अंतर आहे."

फोक्टांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "फ्रॉइलाइन, तो नियम बावन्न साली गेला. आता आडवा आलेला चेंडू उचलायला सांगता येतं. बारा वर्षं झाली."

उल्काचे कान तापले. ती आईकडे वळली. "आई, बाबांना ठाऊक नव्हतं?"

"काय झालं?"

तिने मराठीत सांगितलं. मालिनीबाईंनी पदर सारखा केला.

"ठाऊक होतं की. मला म्हणाले होते, पोरीला सांगू नकोस. तुझ्या वाटेत चेंडू नेऊन ठेवायचा, एवढं एकच त्यांना जमायचं. नाही तर तू हरवलं असतंस त्यांना."

"आणि तू गप्प बसलीस?"

"जिंकून आले की दोन पोळ्या जास्त खायचे. मी कशाला बोलू?"

उल्काला हसू फुटलं. ईस्टरनंतर पहिल्यांदाच. डोळे भरून आले, तशी ती वाकून बुटाची नाडी बांधू लागली. नाडी सुटलेली नव्हती. उभी राहिली तेव्हा तिचा आवाज स्वच्छ होता.

"हेर फोक्ट, हा नियम मला ठाऊक नव्हता. आता कळला. चेंडू उचला."

त्यांनी खूण ठेवून चेंडू उचलला. उल्काने पटर घेतला. खळग्यापर्यंतची वाट इतकी मोकळी तिने क्वचितच पाहिली होती. तिने घाई केली नाही. चेंडू सरळ गेला आणि पडला. फोक्टांचा काठावरून परतला.

"खेळ येतो," ते हात मिळवत म्हणाले. "नियमांत मात्र एक कमी."

"फटक्यांत एक जास्त, चेंडूवरून उडवायचा. तो आता इथे कुणाला येत नसेल."

"गेनाऊ, अगदी बरोबर, कुणालाच नाही. मलाही विसरायला झालंय." फोक्टांनी आपला चेंडू होता तिथे परत ठेवला. "दाखवा."

उल्काने आपलाही चेंडू आधीच्या जागी ठेवला आणि आयर्न अलगद फिरवलं. गवताचं पातंही न दुखावता तिचा चेंडू उडी मारून पलीकडे उतरला आणि खळग्याच्या तोंडाशी जाऊन टेकला. मग फोक्टांनी कोट काढला. त्यांच्या फटक्याने ग्रीनवरचं मूठभर गवत निघालं.

"मनगट सैल ठेवा," उल्का म्हणाली. "पुन्हा."

"उल्के," मालिनीबाई बाकावर टेकल्या, "आधी अर्जावर त्यांची सही घे. मग शिकव हवं तेवढं."

सही घेऊन ती परत आली, तेव्हा फोक्ट वाकून उपटलेलं गवत बसवत होते.