एकदाच द्यायचं पाणी

आजीने ओलं बोट इस्त्रीवर टेकवलं, चर्र आवाज ऐकला आणि बाप्तिस्म्याचा पांढरा फ्रॉक पुन्हा एकदा टेबलावर पसरला. खरं तर त्यावर सुरकुती औषधालाही उरली नव्हती, पण तिचे हात स्वस्थ बसायला तयार नव्हते. सकाळपासून ती लॉन्ड्रीतून मागच्या घरात आणि घरातून लॉन्ड्रीत अशी भिरभिरत होती की सुनेने शेवटी तिच्या हातात चहाचा कप कोंबला. तोही ती धुवायच्या चादरींवर ठेवून विसरली.

हा दिवस उजाडेल असं तिला वाटलंच नव्हतं. नात दिवस भरायच्या आधी जन्मली, एवढीशी, आणि थेट दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत गेली. तिथे आईबापांखेरीज कोणाला सोडत नव्हते. सून स्वतःच खाटेवर पडून होती, त्यामुळे आत जायचा तो मुलगा आणि आजी बाहेरच्या बाकावर. पोर बाप्तिस्म्यावाचून जाते की काय, या एका धास्तीने तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आता तीच पोर गुबगुबीत होऊन स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत पडली होती. आजीचा आनंद पोटात मावत नव्हता.

घोर होता तो मुलाचा. लॉन्ड्री तो झकास चालवायचा, हाताचं वळणही आईचंच, पण देवाधर्माचा विषय निघाला की त्याच्या जिभेला हाड नसे. तो लहान असताना रविवारी गल्लीतली पोरं इस्त्रीच्या टेबलाभोवती जमवून आजी त्यांना धर्मशिक्षण द्यायची. जिवावर बेतलं आणि फादर जवळ नसले तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, अगदी विश्वास नसलेला माणूससुद्धा, हे ती बाहुली घेऊन करून दाखवायची. डोक्यावर तीनदा पाणी, आणि नेमके शब्द. शिवाय एकदा दिलेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही, हेही बजावायची. बाकीची पोरं गंभीरपणे ऐकायची. हा मात्र धडा संपला की बाहुलीला पिळून दोरीवर वाळत घालायचा.

आताही तारीख ठरल्यापासून त्याचं तुणतुणं सुरू होतं. कशाला हा घाट, एवढ्याशा पोरीला कसला आलाय पापाचा डाग, घरीच प्रार्थना म्हणा की. लोकांचे डाग काढून आपण पोट भरलं, निदान तू तरी डागाची थट्टा करू नकोस, असं आजीने सुनावलं तेव्हा तो काहीतरी बोलायला गेला आणि गप्प बसला. आज मात्र कोट घालून निमूट बरोबर निघाला. चर्चच्या पायऱ्या चढताना आजीने त्याच्याकडे चोरून पाहिलं. चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झाला होता. एवढी घटका नीट पार पडू दे, तिने मनातल्या मनात विनवलं.

आत मेणबत्त्या लागल्या, गाणं झालं. सून बाळाला घेऊन बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभी राहिली. आजी पाणी नीट दिसावं म्हणून सगळ्यांना कोपरखळ्या मारत पुढे सरकली. फादरांनी झारी उचलली आणि आपल्या रिवाजाप्रमाणे विचारलं,

“या बाळाचा बाप्तिस्मा आधी झालेला नाही ना?”

सून नाही म्हणणार तेवढ्यात मुलगा म्हणाला, “झालाय.”

आजीला वाटलं, भर चर्चमध्ये याने थट्टा आरंभली. तिने त्याची बाही धरून ओढली, पण तो जागचा हलला नाही. फादरांनी कोणी दिला म्हणून विचारलं.

“मी. दवाखान्यात. नर्स म्हणाली, आता काही खरं नाही. पेटीच्या भोकातून हात आत जात होता.”

“काय म्हणालात?”

मुलाने खाली बघत, पाठांतर म्हणावं तसं सांगितलं, “चिऊ, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो. पाणी तीनदा घातलं. ड्रॉपरने.”

सून त्याच्याकडे बघतच राहिली. फादरांनी झारी हलकेच खाली ठेवली.

“मग पाणी राहू दे,” ते म्हणाले. “ते दोनदा देत नाहीत.”

त्यांनी बाळाच्या कपाळाला तेल लावलं, पांढरं वस्त्र पांघरवलं आणि मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली लहान मेणबत्ती बापाच्या हातात दिली.

बाहेर आल्यावर लोकांनी सुनेला घेरलं. आजी नातीला खांद्याशी धरून मुलाजवळ जाऊन उभी राहिली. इतके दिवस बोलला का नाहीस, असं तिने विचारलं. जन्मभर हसलो, आता कोणत्या तोंडाने सांगणार होतो, तो म्हणाला.

“पण तुझा तर विश्वास नाही,” आजी म्हणाली.

“तुझा आहे ना. आत आम्हालाच सोडत होते, आई. तू बाहेर बसली होतीस.”

कडक इस्त्रीच्या त्या फ्रॉकवर टपटप ओले ठिपके पडत होते. डाग ओला आहे तोवर टिपून घ्यावा, असं गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आलेल्या आजीने रुमाल काढलासुद्धा नाही.