बटण दाबण्याआधी

मी स्टॉपवॉच बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. माझी पहिली नोकरी शाळेच्या मैदानावर होती. तिथली मुलं शिट्टी वाजण्याआधीच पळत सुटायची. तेव्हापासून हा स्वभाव जडला तो जडलाच.

हल्ली मी नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका केंद्रात पूजाताईंच्या टेबलावर असतो. लिहिण्यावाचण्यात अडणारी मुलं त्या तपासतात. मूल वाचू लागलं की माझं बटण दाबतात. कुणी आईबाप म्हणतात पोरगं आळशी आहे, कुणाला परीक्षेतल्या सवलतीसाठी नुसता दाखला हवा असतो. मी सगळ्यांकडेच तिरक्या नजरेनं बघतो.

मध्यंतरी सुरगाण्याकडून भागीबाई आल्या. सोबत त्यांची पाचवीतली मुलगी मीना आणि तिची धाकटी बहीण संजना. मीनाला एक ओळ धड वाचता येईना. वाचताच येत नाही तर शाळा बंद, यंदापासून कायमचं द्राक्षाच्या कामाला, असं बापानं ठरवून टाकलं होतं.

"रोज शाळंत जाते पोर," भागीबाई म्हणाल्या.

मीनाच्या तळहातांना घट्टे होते. रोज शाळेत जाणाऱ्या मुलीला घट्टे कसले? पूजाताईंनीही ते पाहिले आणि खोदून विचारलं.

भागीबाई रडकुंडीला आल्या. "दिवाळी झाली का आम्ही दिंडोरीला द्राक्षाला जातो, ताई. पोरी संगंच. पण कागदावर आलं तर नाव काढतील ना शाळंतून!"

झालं, मी मनात म्हटलं, पकडलं! शाळाच बुडते तर मुलगी वाचणार कशी? मीनाचे गुरुजीही हेच म्हणतात, असं मग भागीबाईंनीच सांगितलं. ज्याला शिकायलाच मिळालं नाही, त्याला अध्ययन अक्षम ठरवता येत नाही, असा नियमच आहे. पूजाताई कागद आवरू लागल्या.

तेवढ्यात संजनानं टेबलावरचा उतारा ओढला आणि घडाघडा वाचून काढला.

पूजाताईंचा हात थांबला. "हीसुद्धा तुमच्यासोबतच जाते?"

"संगंच. दोघी एकाच शाळंत, एकाच बागंत."

मीनानं मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं.

मग मीनाला पुन्हा काही दिवस बोलावलं. डोळे, कान, बुद्धी, सगळं तपासलं. ठोकळ्यांची नक्षी तिनं इतकी भराभर जुळवली की मी नीट चालतोय ना, अशी मला स्वतःचीच शंका आली. ऐकलेली गोष्ट तिनं जशीच्या तशी सांगितली. गाडी अडायची ती फक्त अक्षरांपाशी.

"मीना मठ्ठ नाही, आळशीही नाही," पूजाताई म्हणाल्या. "तिला अध्ययन अक्षमता आहे. वेगळ्या पद्धतीनं शिकवलं, पेपरला जादा वेळ दिला, तर ती शिकेल. शाळा सोडवू नका."

"तिच्या बापाला तुम्हीच सांगा, ताई," भागीबाई म्हणाल्या. "माझं नाय ऐकायचा."

पूजाताईंनी लगेच फोन लावला. पलीकडून बाप "बघू, हे वरीस जाऊ द्या शाळंत" एवढंच म्हणाला.

मीना इतके दिवस विचारल्याशिवाय बोलली नव्हती. ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ताई, ते बंद करून वाचू?"

पूजाताईंनी मला ड्रॉवरमध्ये ठेवलं. बाहेर मीना वाचत होती, अडखळत, थांबत, पुन्हा मागं येत. ओळ संपली तेव्हा भागीबाईंचा हुंदका ऐकू आला. किती वेळ लागला ते मला विचारू नका, मी बंद होतो.

गुरुजी तिला तो जादा वेळ देतील का? मला अजून संशय आहे. मी तर इथं ड्रॉवरमध्ये पडून आहे; ते देतात की नाही, तेवढं तुम्ही बघा.