निजवलेली चूल

डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावर माणूस कधी राहिलंच नाही, असं खोत छातीठोकपणे सांगत होता आणि त्याच्यापासून दहा हातांवर गोदूबाई स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यावर बसून ते ऐकत होती. घर म्हणजे आता दगडांचं गुडघाभर जोतं उरलं होतं. कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर वाऱ्यापावसाने केव्हाच नेलं होतं. अशी सात जोती त्या सड्यावर ओळीने होती.

"हे दगड पांडवांच्या वेळचे, रावसाहेब," खोत कारकुनाला म्हणाला. "वनवासात इथे मुक्काम होता त्यांचा."

एखादी वस्तू कुणाची ते सांगायचं नसलं, की कोकणात ती पांडवांच्या नावावर टाकतात. पांडव काही तक्रार करायला येत नाहीत. खोताला सड्यावरचं रान कोळसेवाल्याला तोडायला द्यायचं होतं, हे मात्र संगमेश्वरच्या बाजारात कुणालाही विचारलं तरी कळलं असतं.

गोदूबाई गवळी धनगरांची. शिमगा झाला की तिच्या वाडीची माणसं म्हशी घेऊन डोंगर चढून इथे यायची, वरच्या झऱ्यावर उन्हाळा काढायची आणि मृगाच्या आधी खाली उतरायची. मानमोडीची साथ आली त्या वर्षापर्यंत हे चाललं. साथीने माणसं नेली, मागून बुळकांड्या रोगाने म्हशी नेल्या, आणि सडा बारा वर्षं ओस पडला. आता गोठे पुन्हा भरले होते, पण खालचं पाणी चैत्रातच आटायचं. वर जायला मिळालं नाही तर म्हशी विकून टाकण्यावाचून गती नव्हती. म्हणून तिच्या मुलाने, सखारामने, अर्ज केला होता आणि मामलेदाराने कारकुनाला पाहणीला धाडलं होतं. इथे माणसं राहत होती असं दिसलं तर वहिवाट धनगरांची, नाही तर खोताचं खरं.

कारकून सरळ माणूस होता. त्याने जोती मोजली, झरा पाहिला, मग गोदूबाईच्या जोत्यात शिरून कोपऱ्यातल्या तीन दगडांपाशी उकिडवा बसला.

"ही चूल म्हणता?"

"व्हय, रावसाब. आमचीच," सखाराम म्हणाला.

"मग काजळी कुठे आहे? दगड तर धुतल्यासारखे स्वच्छ." त्याने दगडावरून बोट फिरवून दाखवलं. सातही जोत्यांतल्या चुली त्याने पाहिल्या. एकीवरही काळा डाग नव्हता.

सखारामचं तोंड उतरलं. दर उन्हाळ्यात त्या चुलीवरचं खाऊन वाढलेला गडी, पण चूल बायकांची, तिच्याकडे त्याने कधी धड पाहिलंसुद्धा नव्हतं. खोत मिशीतल्या मिशीत हसला. कारकुनाने कागद काढला.

गोदूबाईला सगळं ठाऊक होतं आणि तरीही तिची जीभ उचलत नव्हती. सडा सोडताना धनगरणी चूल निजवत. तिन्ही दगड पालथे घालायचे, काळं तोंड राखेत, कोरी पाठ वर. परक्याने आपल्या चुलीवर विस्तव घालू नये म्हणून. पुढच्या साली, जिने निजवली तिनेच उठवायची. आणि उठवली की त्याच दिवशी पेटवायची, थंड ठेवायची नाही.

ही चूल तुळसाने निजवली होती. गोदूबाईची लेक, तेरा वर्षांची. त्या साली पहिल्यांदाच आईने तिला चूल लिंपायला नि सांभाळायला दिली होती. "पुढल्या साली मीच उठवणार हां, आये," असं बजावून पोर डोंगर उतरली आणि दिवाळीच्या आत साथीत गेली. दगड पालथे आहेत तोवर पोरीचं काम अर्धं राहिलंय, ती केव्हातरी येऊन पुरं करील, असं गोदूबाईला वाटायचं. वेडेपणा होता आणि तो तिला कळत होता. पण त्या वेडावर तिने बारा वर्षं काढली होती.

कारकुनाने दौतीचं बूच उघडलं.

"थांबा, रावसाब," गोदूबाई उठली. "चूल निजलीय. मी उठवतंय."

तिने मधल्या दगडाखाली बोटं घातली आणि तो उलटा केला. खालचं तोंड काळंकुट्ट होतं. कारकुनाने चाकूने खरवडलं, नखभर जाडीचा थर निघाला.

"ही एका वर्षाची काजळी नव्हे," तो म्हणाला.

"कोण शिकारी येऊन राहिले असतील," खोत घाईने म्हणाला.

"शिकारी जाताना चूल निजवून जात नाहीत, खोत!" कारकून म्हणाला आणि शेजारच्या जोत्याकडे वळला. गोदूबाई आडवी आली.

"त्यांना हात नको, रावसाब. त्यांच्या धनिणी खाली वाडीत हायत."

"बरं तर. उद्या त्यांना घेऊन या, त्यांच्या हातून पाहू," तो हसून म्हणाला, आणि पहिल्या जोत्यापुढे 'वहिवाट दिसते' असं लिहून त्याने खाली सही केली. खोत पायवाटेला लागला.

"आये, चल, काम झालं," सखाराम म्हणाला.

"झालं नाय. काड्या आन, नि तुझी आगपेटी दे."

उरलेले दोन दगडही तिने उलटे केले. दगड जागी बसवायला लावलेला मातीचा गिलावा मधल्या दगडाला अजून चिकटून होता, विस्तवाने भाजून विटेसारखा लाल झालेला. त्यावर चार बोटं उठली होती. ओली माती दाबताना उठलेली, बारीक बोटं. गोदूबाईने आपली बोटं त्या खुणांवर ठेवून पाहिली. ती मावली नाहीत.

ती रडली, आणि रडत रडतच तिने काड्या रचल्या. कारवीच्या सुक्या काड्यांनी चटकन पेट घेतला. धूर सड्यावरून वर चढला, तो खालच्या वाडीतूनही दिसला असेल.

"उद्या तुझ्या बायकोलाही वर आन," ती सखारामला म्हणाली. "औंदा चूल तिनं निजवायची."

मग ती विस्तवाकडे वाकली. "तुळसे," ती हळूच म्हणाली, "उठवली गं बाय तुझी चूल."