काठोकाठ भरलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बाटली आहे, सशांच्या पिंजऱ्याला उलटी टांगलेली. मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही दचकाल. मी स्वतः अजून त्यातून सावरलेली नाही.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून माझ्यासारख्या हजारो निघाल्या. मग झाकणात एक पोलादी नळी बसवली आणि नळीच्या तोंडाशी वाटाण्याहून लहान गोळी. सशाने जिभेने गोळी ढकलली की पाणी येते, जीभ काढली की बंद होते. एवढेच माझे काम, पण ते मी सहा वर्षे इमानेइतबारे केले.

आमची सशांची शेड आत्यांची होती. आत्या म्हणजे खाष्ट बाई. जाळीखालच्या लेंड्यांवरून त्या सशाची तब्येत सांगत. "ससा बोंबलून काही सांगत नाही, आपणच बघायचं असतं," असे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. माझ्या पिंजऱ्यात भुरी नावाची मादी होती. चार वेळा व्याली, पण एकही पिल्लू दगावले नाही. आत्या तिचे कौतुक करत आणि त्यातले थोडे मी गुपचूप आपल्या पदरात पाडून घेत असे.

भुरीचे पाचवे बाळंतपण जवळ आले आणि नेमके तेव्हाच आत्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. शेड भाचेसुनेवर सोपवली. पोरगी कामसू होती. वेळेवर खाद्य घाली, वाळले गवत टाकी, पिल्लांच्या पेटीत भुसा पसरी. सगळे नीट चालले होते. बिघडले ते माझेच.

आमच्याकडचे पाणी क्षाराचे. वर्षानुवर्षे साचलेला क्षार माझ्या नळीत घट्ट बसला आणि गोळी हलेनाशी झाली. भुरी आली, चाटू लागली. थेंब नाही. पुन्हा चाटले. मग ती नळीला दातांनी धरून खडखड ओढू लागली. माझे पोट गळ्यापर्यंत भरलेले आणि तोंड बंद. भाचेसून आवाज ऐकून आली, माझ्याकडे नजर टाकली आणि म्हणाली, "पाणी आहे की भरपूर. उगाच दात शिवशिवतायत हिचे."

दुसरी पहाट उजाडली. भुरी व्याली. सात पिल्ले झाली. आणि मित्रांनो, त्यातली चार तिने खाल्ली. माझ्या डोळ्यांदेखत. मला ओरडता आले असते तर मी शेड डोक्यावर घेतली असती.

भाचेसुनेने पेटी उघडली आणि तिच्या हातातले घमेले खाली पडले. उरलेली तीन तिने शेजारच्या मादीच्या पिल्लांत सोडली. "ही आई नाही, वैरीण आहे," ती नवऱ्याला म्हणाली. नवरा म्हणाला, "एकदा चटक लागली की सुटत नाही. खाटकाला देऊन टाकू." दुपारी खाटकाने यायचे ठरले. भुरीला टोपलीत कोंबून दाराशी ठेवले.

खाटकाच्या पाठोपाठच आत्या आल्या, एका डोळ्यावर पट्टी. झाले ते सगळे त्यांनी ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले, "हिची बाटली कितीदा भरलीस?"

"भरावीच लागली नाही, आत्या," भाचेसून म्हणाली. "दोन दिवस काठोकाठ होती."

आत्या चाचपडत माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी बोटाने गोळी दाबली. बोट कोरडेच राहिले.

त्यांनी वाडग्यात पाणी घेतले आणि टोपलीचे झाकण काढून भुरीपुढे धरले. भुरीने त्यात तोंड बुडवले ते वर काढलेच नाही. वाडगा संपला. दुसराही संपला. शेडमध्ये तिच्या पिण्याचा तेवढा आवाज होता.

भाचेसून टोपलीशी येऊन बसली. "मी तिला वैरीण म्हटलं," ती म्हणाली.

"व्यालेल्या जिवाला घोटभर पाणी मिळालं नाही की त्याचं भान हरपतं," आत्या म्हणाल्या. "तू बाटली बघितलीस, पोरी. भुरीकडे बघायचं राहिलं."

खाटीक मान खाली घालून निघून गेला. आता दर आठवड्याला माझी नळी उकळत्या पाण्यातून निघते आणि भुरी परत माझ्याच समोर राहते. तिने मला माफ केले की नाही, मला कळत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी ससा असो, गाय असो की पोपट, भांडे भरलेले दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. ज्या दिवशी त्यातले पाणी कमी होणार नाही, त्या दिवशी घाबरा.